ताकोच्या मापाची भाकरी

— नाही, नाही, एवढी मोठी नको, गोजरा. ही तर परातीएवढी झाली. हे बघ, माझा पंजा बघ, एवढी हवी. मधे दुमडली की हातात मावली पाहिजे आणि दुमडताना तुटता कामा नये. तांदळाची तुटते का? गरम असताना नाही तुटत, पण गार झाल्यावर? तू म्हणतेस नाही तुटत. मला खात्री वाटत नाही. मला हल्ली कशाचीच खात्री वाटत नाही — दुपारी ते मागवलेलं तयार मेक्सिकन पोळ्यांचं पाकीट उघडलं तर सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या, एक सोडवायला गेलो तर खालच्या दोन फाटल्या, आणि उरलेल्यांवर बुरशी. मी तसाच स्टुलावर बसून राहिलो. संध्याकाळी माणसं येणार, आणि ताकोला ताकोच नाही. आणि तेवढ्यात तुझी बेल. देवानं पाठवलं म्हणालो असतो, पण मी मानत नाही, तुला माहीतच आहे. अजून पीठ लागलं तर त्या डब्यात आहे — तुझ्याच गावचं, मागच्या वर्षी तू दिलेलं. वास आला नसेल तर चालेल.

माहीत आहे गं मला तू कशाला आलीस. मी विसरलेलो नाही. पत्रिका आली, तुझे फोन आले, मी उचलले नाहीत कारण — कारण उचलून काय बोलायचं याचा विचार करत होतो, आणि माझा विचार होईपर्यंत फोन थांबतो. आज तुझ्या भाविकाची हळद आहे. मामानं यायला हवं. मामाचा हात लागल्याशिवाय आपल्या भावकीत मुलीला हळद लावत नाहीत, ती पाटावर बसून राहते, हे सगळं मला पाठ आहे, आईनं तुझ्या वेळी तेच केलं होतं. तू मला न्यायला आलीस, खाली रिक्षा थांबवून ठेवलीस. थांबू दे. एवढ्या भाकऱ्या होऊ देत, मग बोलू. तू थापता थापता ऐक, मी बोलतो, म्हणजे दोन्ही कामं होतील. जरा पातळ थाप.

हे काय आहे ते तुला सांगतो, म्हणजे तुला कळेल की मी मुद्दाम करत नाहीये. आमच्या या इमारतीत आम्ही चार घरं आहोत, निवृत्त माणसं. राजवर्धन सर आणि प्रेमला वहिनी वरच्या मजल्यावरचे — ते कुलगुरू होते, म्हणजे व्हायचे राहिले, पण लोक तसंच वागवतात त्यांना — आणि आणखी दोन जोडपी. दर महिन्याला एकाच्या घरी एका देशाची संध्याकाळ. प्रेमला वहिनींनी इटली केला तेव्हा टेबलावर मेणबत्त्या, बाटलीत फुलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकटा, ही गेल्यापासून घरात करणारं कोणी नाही, तरी त्यांनी मला गटातून काढलं नाही. का नाही काढलं, हा प्रश्न मला रोज पडतो. दया म्हणून असेल. किंवा अजून लक्षात आलं नसेल. माझी पाळी मी दोनदा पुढे ढकलली. मग राजवर्धन सर लिफ्टमध्ये म्हणाले, ‘‘डॉक्टर म्हात्रे, तुम्ही तर मेक्सिकोला जाऊन आलात, तुम्हाला काय अवघड.’’ हसून म्हणाले. त्या हसण्याचा अर्थ काय, ते मला अजून लागलेला नाही. आता तिसऱ्यांदा ढकलली असती तर? तूच सांग. — नाही, तू नको सांगू, तू भाकरीकडे बघ, करपेल.

फोनवर व्हिडिओ बघितला, ‘घरच्या घरी झटपट मेक्सिकन पार्टी’. ती बाई म्हणते, अगदी सोपं आहे, घाबरू नका, पाहुणे स्वतःच आपापलं भरून घेतील. राजमा शिजवून ठेचायचा. टोमॅटो-कांदा-कोथिंबीर बारीक चिरून लिंबू — म्हणजे कोशिंबीरच की, पण सालसा म्हणायचं. चक्का फेटून ठेवायचा. अव्होकाडो — हा बघ, एकाला दाबलं तर दगड, दुसऱ्याला दाबलं तर बोट आत गेलं. पिवळा भात. आणि सजावट, रंगीत कागदाच्या पताका दारापासून खिडकीपर्यंत. मीच कापल्या रात्री बसून. आता त्यांच्याकडे बघितलं की मला गावची जत्रा दिसते आणि वाटतं, पाहुण्यांनाही तीच दिसणार. दिसेल का? तुला काय दिसतंय? — हां. तुला जत्राच दिसणार. तुला विचारून उपयोग नाही.

हसतेस का? टोपीला? ही तिकडची टोपी आहे, वाशीला भाड्यानं मिळते. डोक्यावर ठेवून फिरतोय दुपारपासून, सवय व्हावी म्हणून. नाहीतर पाहुण्यांसमोर मी हात लावत बसेन. हस. तुझ्याच घरी आज काय चाललंय ते मला माहीत आहे — गल्लीभर मांडव, थर्माकोलचा राजवाडा, स्पीकरच्या भिंती, कोणाचा तरी जावई दारू पिऊन नाचतोय आणि सगळे मोबाईल वर धरून उभे. जमिनीचे पैसे आले तेव्हापासून प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठी हळद करायची आहे. मी तिथे कुठे बसू? खुर्चीवर? मागच्या वेळी तुमच्या पुतण्याच्या हळदीला बसलो होतो, एका पोरानं येऊन विचारलं, ‘‘आजोबा, तुम्ही बँकेतले का?’’ माझ्याच गावात. मी पीएचडी आहे, गोजरा, कांदळवनांवर, आपल्या खाडीवर, आणि माझ्या गावात मला बँकेतला समजतात आणि इथे मला — इथे मला काय समजतात ते मला माहीत नाही, म्हणून तर मी हे सगळं करतोय.

‘दादूस’ नको म्हणू. म्हणजे आत्ता म्हण, पण ती सगळी आली की नको. भावाला दादूस म्हटलेलं कानावर पडलं की लगेच कळतं माणूस कुठला. आणि ती सुकटीची पिशवी मी बाहेर ठेवली आहे, कचऱ्याच्या डब्याशेजारी. डब्यात नाही, शेजारी. आत वास बसतो. तू जाताना घेऊन जा परत. प्रेमाने आणलीस, कळतं मला, पण पडद्यात वास बसला की आठ दिवस जात नाही.

मेक्सिको? तू कधी विचारलं नाहीस, आज विचारतेस. गेलो होतो, कांदळवनांची परिषद होती, समुद्रकाठच्या गावात, एक आठवडा. या लोकांना मी सांगतो की काय ते खाणं, काय त्या चवी. खरं सांगू? मी तिथे काही खाल्लं नाही. पहिल्याच दिवशी पोट बिघडलं, मग खोलीत केळी आणि बिस्किटं. संध्याकाळी एकदा खाली गेलो तर कोपऱ्यावर एक बाई जमिनीवर बसून थापत होती. मक्याची असते ती, पण हात तसाच. टप, टप, टप — एका हातावरून दुसऱ्या हातावर, पाण्याचा हात लावून, तव्यावर सोडताना मनगट असं फिरवून. आई. हुबेहूब. कपाळावरचा घाम पुसायचा तो कोपरानं, तोसुद्धा. तिनं मला बघितलं आणि एक भाकरी पुढे केली, फुकट, म्हणजे खा म्हणून. आणि माझ्याबरोबर दिल्लीचा एक प्राध्यापक होता, तो म्हणाला, हे रस्त्यावरचं नको, डॉक्टर. मी म्हणालो, छे, मी कशाला खातोय. हात मागे घेतला. तिला वाटलं असेल मला भाषा कळली नाही. — हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगायचं नव्हतं. तू नुसती टपटप करत राहिलीस म्हणून निघालं तोंडातून. विसर.

किती झाल्या? ठेव, फडक्यात गुंडाळ. अजून हव्यात. माणशी तीन धर. ही वाकडी झाली — असू दे, ती मी खातो. नाही, मी नाही खात, मला आज भूकच नाही.

बरं. म्हणजे तू आता असं म्हणतेस की नाही आलास तर नाही, निदान हात तरी लाव. हे तू आधी म्हणाली असतीस तर एवढं बोलणं झालं नसतं. हात लावायला काय, लावतो की. कशाला? हळदीला. कुठल्या हळदीला? तू आणलेल्या. — जात्यावर बायकांनी गाणी म्हणत दळलेली, त्यातली पहिली मूठ, मामाच्या हातासाठी वेगळी काढलेली. हो. मामा जागेवरून उठू शकत नसेल तर मूठ त्याच्याकडे न्यायची, त्यानं बोटं बुडवायची, आणि तीच पहिल्यांदा मुलीच्या अंगाला. आहे, आहे तशी रीत, आपला मामा आजारी होता तेव्हा तुझ्या वेळी तसंच केलं होतं. चांगली सोय आहे. मला मान्य आहे. कुठे आहे मूठ?

स्टीलच्या डब्यात. पिशवीत होता तो. झाकणाला लाल दोरा बांधलेला.

गोजरा, मी काय म्हणतो, तू आधी ती तव्यावरची काढ.

ऐक. तू बाथरूममध्ये हातपाय धुवायला गेलीस तेव्हा मी तुझी पिशवी उघडली — म्हणजे सुकट बाहेर काढायला उघडली — तर त्यात तो डबा. मला वाटलं, तू नेहमी आणतेस तशी हळद, मसाला, घरचं. आणि मला पिवळा भात करायचा होता. ती फोनवरची बाई म्हणते दोन चिमट्या केशर, माझ्याकडे केशर कुठलं. मी दोरा सोडला आणि — थोडी नाही, सगळी. रंग येईना, म्हणून सगळी. बघ, त्या पातेल्यात आहे. रंग छान आलाय. जरा कडू लागतोय, मी लिंबू पिळलं.

तू अशी बघू नकोस माझ्याकडे. मला कसं कळणार? डब्यावर लिहिलं होतं का? लाल दोरा — लाल दोरा काय, मिठाईच्या खोक्यालाही असतो. तू आल्या आल्या सांगायला हवं होतंस, दादूस, ही भाविकाची आहे, हात लाव. सांगितलं नाहीस, कारण तुला वाटलं मी येणारच. तू धरून चाललीस. माझी चूक मी मान्य करतो, दहा टक्के, वीस टक्के, पण तुझी चूक तू मान्य कर. आणि शेवटी हळद ती हळद. त्यात एक पिवळं द्रव्य असतं, ते पहिल्या मुठीत असतं तेच शेवटच्या मुठीत असतं, दुकानातल्या पुडीतही तेच. नेरूळ स्टेशनबाहेर कुठेही मिळेल. मी पैसे देतो — बरं, नको घेऊस. घरी उरलेली असेल ना दळलेली? त्यातली घ्या. — पहिली ती पहिलीच, असं कोण म्हणतं? बायका म्हणतात. बायकांना सांगू नकोस. कोणाला कळणार आहे? तुला कळणार. हं.

रडायचं असेल तर पिठावर नको रडू.

हे कठोर वाटलं का? मला तसं म्हणायचं नव्हतं. मी घाबरलेला आहे, गोजरा, मी घाबरलो की असं बोलतो, ही पण म्हणायची. डब्याच्या तळाला काही चिकटलेलं असेल? ते बघूया. — नाही, तो मी पाण्यात टाकला. सिंकमध्ये आहे. पाणी पिवळं आहे अजून, त्यात बोटं बुडवू? तू म्हणतेस बुडव. चालेल म्हणतेस. बुडवायला हरकत नाही, पण नखं पिवळी होतात, आठवडाभर जात नाहीत, आणि प्रेमला वहिनी हातांकडे बघतात, त्यांना सवय आहे, मागच्या वेळी म्हणाल्या, ‘‘म्हात्रे, नखं किती स्वच्छ ठेवता हो तुम्ही.’’ आज पिवळी दिसली तर विचारणार. काय सांगू? भाचीची हळद आहे सांगू? मग म्हणणार, अहो, भाची म्हणजे बहिणीची मुलगी, तुम्हाला तर बहीण नाही ना.

हो.

ते असं झालं. त्यांच्याकडे भाऊबीजेचं बोलणं चाललं होतं, कोणाला कोणी ओवाळलं, कोणाची बहीण अमेरिकेहून आली. मला विचारलं. मी म्हणालो, मी एकुलता एक. निघून गेलं तोंडातून. एकदा म्हटलं की मग ते तसंच ठेवावं लागतं. वाईट हेतू नव्हता. मी तुझं नाव घेतलं असतं तर पुढे विचारलं असतं ना, कुठे असते, काय करते, जावई काय करतात. मी काय सांगणार होतो? मिठागरात होती, आता मासे विकते, जमिनीच्या पैशातून तीन मजली घर बांधलंय आणि तरी मासे विकते, कारण घरी बसवत नाही? त्यांना ते समजलंच नसतं. मी तुला वाचवलं, असंही म्हणता येईल. येईल ना?

पुरे झाल्या भाकऱ्या. छान झाल्यात. एकसारख्या, दुमडतात, तुटत नाहीत. तुझं काम झालं. आता हात धू, आणि — कोणाला फोन लावतेस? अब्दुर्रहमानला? कशाला? — तो बसेल मामा म्हणून. सलिमाचा नवरा. तुमच्या शेजारचा, मीठबंदरावरचा. अगं, तो आपल्यातला नाही. — दर भाऊबीजेला तू त्याला ओवाळतेस, माहीत नव्हतं मला. कधीपासून? मी जायचं बंद केल्यापासून. बरं. मग बसव त्याला. मला काय, मला आनंदच आहे, पुरोगामी गोष्ट आहे, मी लेख लिहीन त्यावर. पण भावकी ऐकेल? ऐकेल म्हणतेस. बायकांनी आधीच ठरवून ठेवलंय — कधी? दादूस नाही आला तर अब्दुर्रहमान, असं घरून निघतानाच ठरलं होतं? मग तू इथे आलीस कशाला? एवढ्या लांब, रिक्षा करून, डबा घेऊन? मला एक संधी द्यायला? मी मागितली होती का संधी? मामा मी आहे, गोजरा. मी आलो नाही तरी मामा मीच आहे. ते काही पद आहे का, की हा रिकामा तर तो घ्या. फोन ठेव. त्याला सांग थांब. मी विचार करतो. कदाचित हे सगळं लवकर आटोपलं तर मी नऊच्या सुमारास — नाही, नऊला नाही जमणार, गोड व्हायचं असतं. सकाळी, लग्नाला. लग्नाला मागे उभा राहीन. सकाळी फिजिओथेरपीवाला येतो, त्याला मी —

बेल.

बेल वाजली. लवकर आले. वहिनी नेहमी लवकर येतात, बघायला येतात, सगळं मांडून होण्याआधी काय होतं ते. इकडे थांब. नाही, इकडे नको, इथून स्वयंपाकघर दिसतं. त्या दाराआड — तिकडे इस्त्रीचं टेबल आहे. असू दे, वेळ नाही, पदर तरी नीट घे, पीठ झटक. काही बोलू नकोस. तू काही बोलू नकोस, मी बघतो काय बोलायचं ते, मी —

या, या सर. वहिनी, या. हो, टोपी, हाहा, तिकडचीच. नाही हो, काही विशेष नाही, झटपट केलंय सगळं. पताका? मीच कापल्या. जत्रेसारखं? — हो, हो, तिकडेही जत्राच असतात. बसा ना. भाताचा वास? तिकडचा मसाला आहे, जरा उग्र असतो. नाही, वहिनी, आत नको, आत पसारा आहे, तुम्ही बसा, मी आणतो, वहिनी, अहो —

या कोण म्हणता? या म्हणजे — भाकऱ्या कोणी केल्या म्हणता. या ना, या —

काय म्हणालीस?

हो. ऐकलंत ना वहिनी, ‘साहेब, तुमच्या भाकऱ्या झाल्या’ म्हणते. साहेबच म्हणतात त्या मला, कितीही सांगा. आजच बोलावलं होतं, एवढ्यापुरतं. नाव? नाव काय बरं — विचारलंच नाही. हात चांगला आहे, हो ना? नंबर माझ्याकडे नाही, सर, त्या लांबून येतात. कायम नाही येणार. नाही, मला नाही वाटत पुन्हा येतील.

मागच्या लिफ्टनं जा. हो. आणि दार ओढून घ्या, बाई.